बुधवारच्या रात्रीचे खिम्याचे गोळे, गव्हाचा कणही न घालता

आमच्या धाकटीला सिलिॲक, म्हणजे गव्हासारख्या धान्यातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं आतडं बिघडण्याचा आजार, असल्याचं कळलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. वजन वाढेना, अंगात रक्त टिकेना, पोट कायम फुगलेलं. वर्षभर जंताची औषधं झाली. शेवटी मिरजेला रक्ताची तपासणी झाली, पाठोपाठ दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की गहू आयुष्यभर बंद. घरी आल्यावर आई म्हणाली, "एवढंच ना? आपण भाकरी खाणारी माणसं. चपाती नाही खाल्ली म्हणून काय बिघडतंय?"

मला तेव्हा ते पटलं होतं. ते अर्धंच खरं आहे हे कळायला दीड वर्ष गेलं, आणि त्या दीड वर्षात पोरीचं पोट चारपाच वेळा तरी बिघडलं.

गोळ्यांची गोष्ट तिच्या मामेभावाच्या वाढदिवसापासून सुरू झाली. पुण्याला हॉटेलात मीटबॉल आले. वेटरला विचारलं तर म्हणाला, आत ब्रेडचा चुरा आहे. पोरगी रडली वगैरे नाही. तिनं फक्त विचारलं, "पप्पा, मटणात ब्रेड कशाला घालतात?" मला सांगता आलं नाही. उत्तर शोधत शोधत जे जमलं ते पुढं लिहितोय. ज्यांच्या घरात नुकताच गहू बंद झालाय, संध्याकाळी कामावरून येऊन तासाभरात जेवण उभं करायचंय, आणि ज्यांनी खिम्याला कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे आहे. मीही तसाच होतो. बायको कुपवाडच्या कंपनीत, तिला घरी यायला साडेसात होतात, त्यामुळं बुधवारचा स्वयंपाक माझ्याकडं आला.

बुधवारच का, हे सांगलीकरांना सांगायला नको. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळायचे. मंगळवार आईचा, गणपतीचा. रविवारी मटणाचा रस्सा ठरलेला आणि शुक्रवारी अंडी. खिम्याला बुधवारच उरतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरात कुणाला असा त्रास असेल आणि तपासणी व्हायची असेल, तर तोवर गहू बंद करू नका. गहू पोटात जात असतानाच ती तपासणी नीट कळते. आमच्या ओळखीत एकांनी आधी दोन महिने चपाती सोडली आणि मग रक्त दिलं. त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

१. आधी पोरीच्या प्रश्नाचं उत्तर

ब्रेड आत का घालतात हे कळलं की बाकीची रेसिपी पाठ करावी लागत नाही. मांस तापलं की आकसतं आणि आतलं पाणी बाहेर ढकलतं. नुसत्या खिम्याचा गोळा म्हणूनच रबरी आणि कोरडा होतो. ओलवलेला ब्रेडचा चुरा मध्ये बसला की तो हे पाणी धरून ठेवतो आणि मांसाच्या धाग्यांना एकमेकांत घट्ट अडकू देत नाही. हे काम त्यातल्या स्टार्चचं. ग्लूटेनचा त्यात काही वाटा नाही.

मग गोळा फुटत का नाही? तर मीठ आणि मळणं. खिम्याला मीठ लावून मळलं की मांसातलंच एक प्रथिन सुटतं आणि चिकट होतं. खरा डिंक तोच.

म्हणजे आपल्याला हवी असते एक शिजलेली, सुकलेली, पिठूळ वस्तू. ती सांगलीत प्रत्येक घरात रोज उरते. कालची शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी. हे आईनं सुचवलं. मी तोवर ऑनलाइन महागडा 'ग्लूटेन-फ्री क्रम्ब' शोधत बसलो होतो. तिनं बुट्टीतली भाकरी काढून माझ्यापुढं कुस्करली आणि म्हणाली, "ह्ये काय येगळं असतंय व्हय?"

वेगळं नसतंच. उलट ब्रेडपेक्षा चव चांगली लागते.

२. गिरणी: सगळ्यात मोठा सापळा इथं आहे

ज्वारीत ग्लूटेन नसतं. तांदूळ, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा आणि सगळ्या डाळींतही नसतं. ते असतं गहू, जव आणि राय (हे परदेशी धान्य, आपली मोहरी-राई नव्हे) यांत. गव्हात रवा, मैदा, शेवया, लापशी, खपली सगळं आलं. खपली गहू चालतो असं सांगणारे खूप भेटतील. नाही चालत, तोही गहूच.

पण शाळू गिरणीत गेला की गणित बिघडतं. तुमच्या आधी कुणीतरी दहा किलो गहू दळून गेलेलं असतं. दगडाच्या खाचांत, पीठ पडतं त्या कापडी नळीत, तळाच्या डब्यात गव्हाचं पीठ बसलेलं असतं. आमच्या घराजवळच्या गिरणीत गव्हाची आणि ज्वारीची जाती वेगळी होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एक दिवस उभा राहून बघितलं तर ज्वारी झाडायचा ब्रश आणि गव्हाचा ब्रश एकच. वर हवेत पीठ उडतंय ते वेगळंच. गिरणीवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही, गिरणी अशीच चालते.

आम्ही घरघंटी घेतली आणि त्यात गहू कधीच टाकायचा नाही असं ठरवलं. पाव्हणे येऊन "जरा आमचं दोन किलो" म्हणाले तरी नाही. पहिल्या वर्षी यावरून एक मावशी रुसल्या, आता बोलतात. जुनी, गहू दळलेली घरघंटी स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका. घरघंटी जमत नसेल तर तांदळाचं पीठ घरीच करा. तांदूळ धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून मिक्सरला थोडे थोडे फिरवायचे आणि वेगळ्या चाळणीनं चाळायचे. तांदळाची भाकरीही गोळ्यांना चालते.

दळायच्या आधी शाळू निवडायचा. हे काम आमच्याकडं पोरीचं. पांढरं ताट घेऊन खिडकीपाशी बसते, मूठमूठ शाळू पसरते आणि बोटानं सरकवत बघते. शाळूचा दाणा गोल, मोत्यासारखा. गव्हाचा लांबट आणि मधून चीर असलेला. एकदा कळलं की नजर आपोआप अडते. पहिल्या चार किलोत तिला गव्हाचे सात दाणे सापडले. ते तिनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेत. गेल्या महिन्यात बाटली अर्धी झाली. निवडल्यावर शाळू धुऊन घ्या म्हणजे वर बसलेली धूळही जाते, आणि कडक उन्हात वाळवून मगच दळा.

३. मसाल्याचे डबे एकदा उलटून बघा

भाकरी सुधारली तरी दीड वर्षात पोट चारपाच वेळा का बिघडलं, त्याचं उत्तर इथं आहे.

हिंग. पिवळ्या डबीतला बांधानी हिंग पिठात बांधलेला असतो, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठात बांधलेला मिळतो, तो मागून घ्या. नाही मिळाला तर हिंग सोडून द्या, या गोळ्यांना त्यावाचून काही अडत नाही.

कांदा-लसूण चटणी. वर्षाची चटणी कांडपावर करून आणताना आईनं त्यात नेहमीचाच हिंग घातला होता. सहा किलो चटणी. ती बहिणीकडं गेली आणि आम्ही दुसरी केली. विकतची घेत असाल तर घटक वाचल्याशिवाय घेऊ नका, आणि सुटी तर घेऊच नका.

सातूचं पीठ. हे माझं पाप. गोळे बांधायला काहीतरी हवं म्हणून मी पहिल्यांदा डब्यातलं सातूचं पीठ दोन चमचे घातलं. सातू म्हणजे हरभरा, असा माझा समज. आपल्याकडं त्यात गहू असतो, जवही असतो. गोळे झकास झाले आणि पोरगी दोन दिवस शाळेत गेली नाही.

मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी असतो. कुरडई तर गव्हाचीच, आणि कुरडया तळलेलं तेल रस्स्याला वापरलं तरी तोच परिणाम. ज्या घरात आधीच्या तळणीचं तेल जपून ठेवायची सवय आहे तिथं हे हमखास घडतं. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो. 'नाचणी बिस्कीट', 'ज्वारी ब्रेड' असं समोर मोठ्या अक्षरात असलं तरी मागं वाचा, पहिला घटक बहुधा मैदाच निघतो.

पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर आपल्या देशातल्या नियमाप्रमाणं किलोमागं २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. 'व्हीट-फ्री' म्हणजे तेच नव्हे, त्यात जव असू शकतो.

हळदीचं आपल्याला सुख आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हळकुंडं तर दारातच मिळतात. हळकुंडं आणून घरी कुटा. खडा मसालाही अख्खाच घ्या. अख्ख्या वस्तूत पीठ मिसळता येत नाही, हा माझा साधा हिशेब.

४. भांडी: कोणती वेगळी, कोणती नाही

सगळं स्वयंपाकघर नवीन घ्यायची गरज नाही. स्टीलची पातेली, ताटं, चमचे घासून धुतले की झालं. वेगळं हवं ते असं, ज्याच्या भोकांत, चिरांत, खरवडलेल्या जागेत पीठ बसतं:

- चाळणी (पिठाची आणि चहाचीही, कारण आमच्याकडं चहाच्या चाळणीनंच पीठ भुरभुरलं जायचं)
- लाकडी पळी, पोळपाट, काठवट
- भाकरीचा तवा, ज्यावर कधी चपाती भाजलेली नाही असा
- मिक्सरचं एक भांडं
- आप्पेपात्र

आप्पेपात्र नवीनच घ्या. जुन्यात रव्याचे आप्पे झालेले असतात आणि खळग्यांच्या कडेला तो रवा जळून बसलेला असतो. बारा खळग्यांचं, जाड बुडाचं, झाकणाचं बघा. आमच्या वेगळ्या भांड्यांच्या दांड्यांना पोरीनं निळी चिकटपट्टी लावली आहे. घरात कुणीही आलं तरी विचारावं लागत नाही.

घरातले बाकीचे चपाती खात असतील तर आणखी एक करा. चपात्या आधी करून झाका, ओटा ओल्या फडक्यानं पुसा, ते फडकं धुवायला टाका आणि मगच खिमा बाहेर काढा.

५. खिमा सांगून घ्या

दुकानात जाऊन नुसतं "अर्धा किलो खिमा" म्हणू नका. मांडीचं किंवा खांद्याचं मटण दाखवून घ्या, त्यात थोडी चरबी राहू द्या (अर्ध्या किलोत ऐंशी-नव्वद ग्रॅम तरी) आणि मशीनमधून दोनदा काढायला सांगा. चरबी नको, पोरांना त्रास होतो, असं वाटतं खरं. पण बिनचरबीच्या खिम्याचा गोळा भाकरीनंही वाचत नाही.

दुसरं महत्त्वाचं धुण्याचं. आपल्याकडं खिमा घरी आणून पाण्यात धुतात. तो ते सगळं पाणी पितो आणि मग गोळा बांधला जात नाही. मटण तुकडा असतानाच धुऊन, कोरडं करून मग खिमा काढायला सांगा. दुकानदार कुरकुर करतो, पण ओळख झाली की ऐकतो. धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर निळ्या पट्टीच्या चाळणीत अर्धा तास निथळू द्या.

मसाला लावून ठेवलेले कबाब, 'रेडी' गोळे काचेत दिसतात. त्यांत ब्रेड किंवा मैदा नाही याची खात्री कुणी देऊ शकत नाही, घेऊ नका. साध्या खिम्याच्या आधी मशीनमधून ते मिश्रण काढलं नाही ना, एवढंही विचारा.

खिमा लवकर खराब होतो. आणल्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी वापरा. रविवारी आणून बुधवारी करायचा असेल तर रविवारीच फ्रीजरला टाका आणि मंगळवारी रात्री खालच्या कप्प्यात आणून ठेवा. ओट्यावर वितळवू नका, सांगलीचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे.

६. साहित्य: चौघांसाठी, पंचवीसेक गोळे

गोळ्यांसाठी:

- मटणाचा खिमा अर्धा किलो
- कालची शाळूची भाकरी १, मध्यम
- दही ३ मोठे चमचे
- कांदा १ मध्यम, अगदी बारीक चिरून
- आलं-लसूण वाटण १ मोठा चमचा
- मीठ चहाचे सपाट दीड चमचे
- हळद पाव चमचा, कांदा-लसूण चटणी १ चमचा
- कोथिंबीर मूठभर, पुदिना असल्यास चार पानं
- अंडं १ (मटणाला नसलं तरी चालतं, चिकनच्या खिम्याला घालाच)

रस्स्यासाठी:

- कांदे २, सुकं खोबरं अर्धी वाटी, तीळ १ चमचा
- लसूण ८-१० पाकळ्या, आलं बोटभर, कोथिंबीर
- कांदा-लसूण चटणी २ चमचे, हळद, मीठ
- तेल ३ मोठे चमचे
- डाळव्याचं कूट १ मोठा चमचा

डाळवं सुटं घेताना दुकानात मापं बघा. गव्हाच्या पोत्यात घातलेलं माप तसंच डाळव्यात जातं. आम्ही बंद पाकीट घेतो आणि कूट घरी करतो. बेसन मात्र विकतचं अजिबात वापरत नाही, ते कुठल्या गिरणीतून आलं कुणास ठाऊक.

७. मळणं

मंगळवारी रात्री दोन कामं उरका. रस्स्याचा कांदा आणि खोबरं भाजून वाटण करून फ्रीजमध्ये ठेवा. आणि एक भाकरी जास्त थापून झाकण न घालता ठेवा, म्हणजे ती सुकेल. बुधवारी सकाळची मऊ भाकरीच हाताशी असेल तर तुकडे करून मंद तव्यावर पाच मिनिटं कडक करून घ्या.

बुधवारी घरी आल्यावर:

भाकरी मिक्सरमधून रव्यासारखी काढा. पार पीठ करू नका. त्यात दही घालून कालवा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. ती फुगून ओल्या चुऱ्यासारखी दिसली पाहिजे. बोटांत दाबून एखादी कडक कणी लागली तर चमचाभर पाणी घाला. हे न भिजवता घातलं तर भाकरी खिम्यातलंच पाणी पिते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

चिरलेल्या कांद्याला चिमूटभर मीठ लावून बाजूला ठेवा. पाच मिनिटांनी मुठीत घट्ट पिळा, जे पाणी निघेल ते रस्स्यात घालायचं. माझे पहिले तीन बुधवार याच पाण्यानं खाल्ले. गोळे रस्स्यात सोडले की फुटायचे, खाली खिमा आणि वर तवंग. बायको म्हणायची, "खिम्याचा रस्सा छान झालाय." मी काही बोलायचो नाही.

आता परातीत नुसता थंड खिमा आणि मीठ. बाकी काही नाही. भाकरीचं पीठ तळहाताच्या मागच्या भागानं रगडतो तसं तीन ते चार मिनिटं रगडा. आधी खिमा सुटासुटा असतो. मग हळूहळू परातीला धरायला लागतो. हात वर उचलला की बोटांना लोंबायला लागला, रंग किंचित फिका पडला, की थांबा.

आता भिजवलेली भाकरी, पिळलेला कांदा, वाटण, हळद, चटणी, कोथिंबीर आणि अंडं एकदम घाला आणि फक्त मिसळेपर्यंत हलवा. इथून पुढं रगडायचं नाही. रगडणं आधी, मिसळणं नंतर, हा क्रम उलटा झाला की गोळे दगडासारखे होतात.

मीठ बघायला कच्चं मिश्रण चाखू नका. सुपारीएवढा तुकडा तव्यावर भाजून खा.

तेलाचा हात लावून लिंबाएवढे गोळे करा. आप्पेपात्राच्या खळग्यात नीट बसेल आणि वर थोडा डोकावेल, हे माप. सगळे एकसारखे झाले पाहिजेत, नाहीतर काही कच्चे राहतात. वेळ असेल तर ताटात मांडून पंधरा मिनिटं फ्रीजला ठेवा. आमच्याकडं ही पंधरा मिनिटं म्हणजे पोरीचा पाढ्यांचा वेळ.

८. आप्पेपात्रात भाजणं

कढईत तळायला तेल फार लागतं आणि कोण उभं राहणार? आप्पेपात्रात प्रत्येक खळग्यात पाव चमचा तेल, मध्यम आच, तेल तापलं की गोळे सोडा. झाकण ठेवून चार मिनिटं. मग काडीनं किंवा चमच्यानं उलटा. गोळा खळग्याला चिकटून बसला असेल तर ओढू नका, तो अजून तयार नाही. अर्ध्या मिनिटानं आपोआप सुटतो. दुसऱ्या बाजूनं तीन मिनिटं, आता झाकण नको. दोन घाण्यांत सगळे होतात.

या टप्प्याला आत थोडे कच्चे असले तरी हरकत नाही, पुढं रस्स्यात शिजायचे आहेत. नुसते कोरडे खायचे असतील तर मात्र मंद आचेवर आणखी चार-पाच मिनिटं झाकून ठेवा आणि एक फोडून बघा. आत गुलाबी दिसता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मध्यात मटणाला ७१ अंश आणि चिकनला ७४ अंश सेल्सिअस दिसलं की झालं. खिम्यात वरचं सगळं आत मिसळलेलं असतं, त्यामुळं तुकड्याच्या मटणासारखं "आतून जरा राहिलं तरी चालतंय" इथं लागू नाही.

९. रस्सा

पहिला घाणा भाजत असतानाच शेजारच्या शेगडीवर पसरट पातेलं ठेवा. तेल तापलं की वाटण घाला आणि तेल सुटेपर्यंत परता. हळद, चटणी, पुन्हा अर्धा मिनिट. मग तीन वाट्या कडकडीत पाणी आणि मीठ. थंड पाणी घातलं तर तवंग येत नाही, आणि बिनतवंगाचा रस्सा आमच्या आईच्या मते आजाऱ्याला द्यायचा असतो. दाटपणा डाळव्याचं कूट पाण्यात कालवून आणा.

रस्सा उकळला की आच कमी करा, मगच गोळे एकेक करून कडेनं सोडा. खळखळत्या रस्स्यात टाकले की फुटतात. एकदा सोडल्यावर पळी आत घालायची नाही. पातेलं दोन्ही बाजूंनी फडक्यात धरून हलकं गोल फिरवायचं. अर्धवट झाकण ठेवून दहा ते बारा मिनिटं. गोळे आधी तळाशी बसतात, शिजत आले की थोडे वर उचलले जातात.

वर कोथिंबीर. सोबत भाकरी किंवा भात, बुक्कीनं फोडलेला कांदा, लिंबू. शेवया किंवा नूडल्सवर हवे असतील तर तांदळाच्या शेवया मिळतात, घटक वाचून घ्या. आमची पोरगी तशाच मागते, पुण्याच्या त्या हॉटेलची बरोबरी करायला.

घड्याळ असं चालतं: साडेसहाला भाकरी भिजते, पावणेसातपर्यंत मळून होतं, सातला गोळे फ्रीजबाहेर, सव्वासातला रस्स्यात, साडेसातला बायकोची गाडी फाटकात. पहिल्यांदा कराल तेव्हा सव्वा तास तरी धरा.

१०. बिघडलं तर

गोळे फुटले: कांदा पिळला नाही, खिमा ओला होता, किंवा मळणं कमी पडलं. हाताशी मिश्रण शिल्लक असेल तर दोन चमचे डाळव्याचं कूट मिसळा आणि दहा मिनिटं थांबा.

गोळे कडक झाले: भाकरी कमी पडली किंवा ती घातल्यावर रगडलंत. रस्स्यात जास्त वेळ ठेवून थोडे सुधारतात, फार नाही.

आत पिठूळ लागतात: भाकरी जास्त झाली. अर्ध्या किलोला एकच.

चव सपाट लागते: बहुधा मीठ. भाकरीत मीठ नसतं हे विसरायला होतं.

आई माळकरी असल्यानं यातलं काही खात नाही. तिच्यासाठी त्याच रस्स्यातला थोडा, गोळे सोडायच्या आधी, वेगळ्या पातेल्यात काढतो आणि भिजवून वाटलेल्या हरभरा डाळीचे गोळे त्यात सोडतो. गोळ्यांची आमटीच ती. तिच्यात गहू कधी नव्हताच, फक्त फोडणीतला हिंग तेवढा बघायचा.

११. उरलं तर

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे शिजलेले गोळे बुधवारीच संपले पाहिजेत. पोरीच्या डब्यात गुरुवारी घातले तर आजी डबा घरातनं बाहेर जाऊ देत नाही. म्हणून मी आता मिश्रण दुप्पट करतो आणि अर्धे गोळे कच्चेच, ताटात सुटे मांडून फ्रीजरला लावतो. दोन-तीन तासांत दगड होतात, मग पिशवीत भरून वर तारीख लिहितो. पण फ्रीजरमधून आधीच एकदा वितळवलेल्या खिम्याचं हे करू नका. त्या दिवशी ताजाच आणलेला असला पाहिजे. तीन महिन्यांत वापरून टाका. वितळवायची गरज नाही. आप्पेपात्रात मंद आचेवर झाकून दोन्ही बाजूंनी सहा-सहा मिनिटं, मग रस्स्यात पंधरा मिनिटं, आणि वाढायच्या आधी एक फोडून बघा.

पिशवीवर तारखेसोबत निळी पट्टी लावायला विसरू नका. फ्रीजरमध्ये शेजारी कुणी ब्रेडचे कटलेट ठेवले असतील तर गोठल्यावर दोन्ही सारखेच दिसतात.